जोडाक्षरं

जुन्या संगणकांवर माहितीपट करणारी मुलगी सांगलीला मधुसूदन टेंभेंकडे आली, तेव्हा त्यांनी आधीच बजावलं, "गुर्जरबद्दल एक शब्द विचारायचा नाही." दोघा मित्रांनी मिळून मराठी टंकलेखनाचा प्रोग्राम लिहिला होता, श्रेय मात्र गुर्जर एकटाच घेऊन गेला. तीस वर्षं अबोला होता.

मुलीने विचारलं काहीच नाही, फक्त लॅपटॉप उघडला. पडद्यावर खंगलेला गुर्जर बोलत होता, "प्रोग्राम सगळा मधूचा. मी नुसतं माझं नाव लावलं. त्याला सांगा."

"कधी घेतलंत हे?"

"मार्चमध्ये. मागच्या आठवड्यात ते गेले, सर."

 टेंभे चष्मा पुसून कॅमेऱ्यासमोर बसले.

"खोटं बोलतोय तो. जोडाक्षरं त्याने जुळवली. माझ्याने ती झाली नसती. हे गाळू नका."