परसातला लाल दिवा

या, जरा जवळ सरकून बसा. एका घाबरलेल्या बाईची गोष्ट सांगतो.

यजमान गेल्यावर कुमुदताईंनी त्यांची दुर्बीण अडगळीत टाकली नाही. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचं त्यांचं चित्र अर्धंच राहिलं होतं. शहराच्या उजेडात एका फोटोत काही उमटत नाही, शेकडो एकावर एक रचावे लागतात. म्हणून ताई रोज रात्री परसात काळी घोंगडी टांगून शेजारच्या बल्बचा उजेड अडवत आणि डोळे दिपू नयेत म्हणून लाल बॅटरी लावून, दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्यात उमटणारे फोटो मोजत बसत.

त्या रात्री सत्त्याहत्तर म्हणताच फाटक करकरलं. शेजारचा रंगनाथ काठी उगारून उभा होता, मागे दोघं-तिघं.

“पोरगं तीन दिवस तापानं फणफणलंय, वहिनी. अन् तुम्ही इथं काळं टांगून आकडे पुटपुटताय. करणी कुणावर चाललीय?”

ताई दोन पावलं मागे सरकल्या. पाठीमागे भिंत होती. मग त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा त्या सगळ्यांकडे वळवला.

रंगनाथची म्हातारी आई पुढे झाली. आतापर्यंत एकावर एक रचलेल्या फोटोंत, काळोखात मूठभर गुलाल उधळावा तसं काहीतरी दिसत होतं.

“काय गं हे?”

“इथं तारे जन्माला येतात, मावशी. ह्यांचं राहिलेलं काम आहे.”

म्हातारी पडद्यापाशी वाकून बघत राहिली. काठी अजून वरच होती.

“रंग्या,” ती म्हणाली, “पोराला डॉक्टरकडं ने. अन् आधी आपला बल्ब मालव. बाळंतिणीच्या खोलीत एवढा उजेड ठेवतात का?”

देवापुढे दिवा लावाल तेव्हा, दिवा मालवायला सांगणाऱ्या त्या म्हातारीलाही आठवा.