खालची क्लिप

"ओढा की जोरात, दाजी! पाइप ओढताय की वेणी घालताय?" डावऱ्या बोटीच्या पोटातून ओरडला.

वरून दाजींनी जोर लावला. जुना पाइप कडक होऊन काठीसारखा झाला होता. तो कुरकुरत वर निघाला आणि त्याच्या शेपटीला बांधलेला नवा पाइप सरपटत मागोमाग गेला.

टाकी कालच रिकामी केली होती, तरी पेट्रोलचा वास नाकात बसला होता. त्या वासानंच दाजींना मळमळायचं. शिवाय अंगानं भरलेले. टाकीमागच्या फटीत त्यांचा एक खांदासुद्धा मावला नसता. म्हणून चार वर्षं हे असं चाललं होतं. दुपारी जेवून आप्पा आडवे झाले, की बहिणीच्या नवऱ्याच्या वाट्याचं काम डावऱ्यानं उरकायचं, आणि ते उठायच्या आत शेडच्या दुसऱ्या टोकाला आपल्या कामावर जाऊन बसायचं.

ताईनं शपथ घातली होती. "यांना काम जमत नाही हे आप्पांना कळलं ना, तर हाकलून देतील रे. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." बहिणीसाठी म्हणून त्यानं एकदा केलं, आणि ते कायमचं गळ्यात पडलं.

कामाला त्याची ना नव्हती. जीव जळायचा तो पुढच्या प्रकारानं.

आप्पा म्हणजे त्याचे वडील, बोटी दुरुस्तीच्या या शेडचे मालक. डोळ्यांनी साथ सोडल्यापासून ते प्रत्येक काम बोटांनी तपासायचे. डावऱ्याकडच्या बोटीवरून हात फिरवला की म्हणायचे, "बरं आहे." झालं, एवढंच. आणि दाजींकडच्या बोटीवरून हात फिरवला की, "अरे, त्या डावऱ्याला बोलवा इकडे. त्यालाही ऐकू दे." मग तो समोर येऊन उभा राहिला की, "वा! याला म्हणतात काम!" दाजी खाली मान घालून अंगठ्यानं जमीन उकरायचे, आणि डावऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आपण रांधायचं, दुसऱ्यानं ताव मारायचा, आणि वर त्याची ढेकर ऐकायला आपल्यालाच बोलवायचं!

आज तर कहरच होता. सकाळी चहा पिताना आप्पांनी सांगून टाकलं होतं, "या जुन्या बोटीचे पाइप आज बदलून होऊ देत. संध्याकाळी हात फिरवतो आणि शेडची किल्ली देऊन मोकळा होतो. मला आता झेपत नाही." बोट दाजींकडे होती. मग किल्ली कुणाकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

इंजिनाकडे जाणारा पाइप झाला. हवेचा पाइप कुठंही झोल न ठेवता बसला. उरला पेट्रोल भरायचा जाडा पाइप. त्याचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं आणि टाकीच्या तोंडावर दाबून चढवलं. तो आवळून धरायला त्यावर स्क्रूच्या दोन क्लिपा लागतात. डावऱ्यानं सवयीप्रमाणे स्क्रूचं तोंड डाव्या हाताला येईल असं ठेवून वरची आवळली. खालचीवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि थांबला.

"ऐक ना," वरून दाजी हळूच म्हणाले. "आज आप्पांना खरं सांगून टाकू का? मलाच लाज वाटते रे आता."

"गप बसा. ताईची शपथ विसरलात?"

शपथेचं निमित्त होतं. दाजी आपणहून बोलले असते तर आप्पांनी त्याचंही कौतुक केलं असतं, बघा माझा जावई किती खरा! नको. एकदा, एकदाच, आप्पांच्या तोंडून "हे काय केलंत, जावईबापू?" ऐकायचं होतं.

टाकीत थेंब नव्हता. पेट्रोल भरायच्या आधी आप्पांची बोटं इथं फिरणारच होती. कुणाला इजा होण्याचा प्रश्नच नव्हता. डावऱ्यानं खालची क्लिप नुसती बोटानं फिरवली आणि तशीच सोडून दिली.

संध्याकाळी आप्पा काठी टेकत आले. ताईही आली होती. "डावऱ्याला बोलवा," ते म्हणाले. नेहमीप्रमाणेच.

त्यांचा सुकलेला हात टाकीमागे कोपरापर्यंत सहज गेला. हवेचा पाइप. इंजिनाचा पाइप. जाडा पाइप, वरची क्लिप. मग खालची. तिथं बोटं थांबली. डावऱ्या पुढे सरकला. आता म्हणतील. आता.

आप्पांनी हात बाहेर काढून फडक्याला पुसला. आज "वा" नाही की "बरं आहे" नाही. खिशातून किल्ली काढली, चाचपत दाजींचा हात शोधला आणि त्यात ठेवली.

"घ्या, जावईबापू. सांभाळा."

ताई रडायलाच लागली. दाजी "अहो आप्पा, पण मी..." करत राहिले. आप्पांनी दोघांनाही चहा टाकायला घरी पिटाळलं.

डावऱ्याला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं होतं. सैल क्लिप हाताला लागूनही! जावयाचं वेड म्हणावं तरी किती?

"आप्पा, नीट बघितलंत ना सगळं?"

"बघितलं. खालची क्लिप सैल आहे. आवळून ये. त्यांना नाही जमायचं ते."

"त्यांना नाही... म्हणजे? मग किल्ली त्यांना कशी दिलीत?"

"त्यांना काम येत नाही. पण मुद्दाम वाईट करणंही येत नाही." आप्पांनी त्याचा डावा हात शोधून काढला आणि लहानपणी मारायचे तशी त्यावर हलकेच चापट मारली. "आणि सगळ्या स्क्रूंची तोंडं डावीकडे, हे कळायला डोळे लागत नाहीत रे."

"पण मग चार वर्षं त्यांचं एवढं कौतुक..."

"दर वेळी तुला का बोलवून घ्यायचो?" आप्पा काठी शोधत म्हणाले. "ज्याचं कौतुक, त्याला ऐकू नको का जायला?"