लिंबाएवढी गाठ

नुसत्या सोनोग्राफीला एवढं सामान घेऊन पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात आजवर कुणी आलं नसेल. दोन गोधड्या, पातेलं, तुपाची बरणी, डिंकाचे लाडू. बनुबाई सुनेला घेऊन जीपमधून उतरली तीच मुळी आठ दिवस मुक्काम ठोकायच्या तयारीनं.

बोलावलं होतं तपासायलाच. पण बनुबाईच्या लेखी तपासणी नावापुरती. सून विजयमालाच्या अंगावरून महिन्यातले बारा-बारा दिवस जात होतं. कंबर मोडून यायची, चार पावलं चालली की धाप लागायची. दसरा झाला की टोळी ऊसतोडीला निघणार. टोळीतल्या ज्या बाईला असं झालं, तिनं निघायच्या आधी गर्भपिशवी काढून घेतली. तोडीत खाडा पडू नये म्हणून रीतच पडली होती तशी. बनुबाईनं स्वतः पंचविसाव्या वर्षी काढली होती.

विजयमालाला एकच लेक, सहा वर्षांची. तिला अजून एक लेकरू हवं होतं. वाटभर ती गप्प होती. त्या गप्प बसण्याचा अर्थ सासूला पक्का ठाऊक होता, म्हणून तर तिची स्वतःची टकळी थांबत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पोटावरून यंत्र फिरवलं, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा फिरवलं.

"गाठ आहे गर्भाशयाला. फायब्रॉइड म्हणतात. लिंबाएवढी आहे."

"कॅन्सरची?" विजयमालानं कसंबसं विचारलं.

"नाही हो, साधी. पुष्कळ बायकांना असते. तुमचं रक्त मात्र फार कमी झालंय, म्हणून धाप लागते. गोळ्या देते. तीन महिन्यांनी परत दाखवा."

"आन् पिशवी कवा काढायची?" बनुबाईनं विचारलं.

"कशाला काढायची? रक्त भरून आलं की हिला मूलसुद्धा होऊ शकतं."

विजयमाला तिथंच, झोपल्या झोपल्या हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं बनुबाईलाही राहवेना, आणि दोघी मिळून हसल्या.

"आणि हा पसारा कशाला आणलाय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चुकलं म्याडम," बनुबाई म्हणाली. "लाडू तेवढे घ्या, बाकीचं माघारी नेतो."

डॉक्टरीणबाईंनी खरंच एक लाडू घेतला. विजयमाला साडी सावरून बाहेर गेली. बनुबाई मात्र दारापर्यंत जाऊन माघारी फिरली.

"माझ्या वक्ताला ह्ये असलं पोटात बघितलंच न्हाई कुनी," ती म्हणाली. "डॉक्टरनं वरून हात लावला आन् म्हनला, काढा. मला काय झालं हुतं म्याडम? आता कळंल का?"

"आता कसं कळणार, मावशी?"

बनुबाईनं व्हरांड्यात येऊन कमरेचा मोबाईल काढला आणि टोळीतल्या ज्ञानेश्वरीला फोन लावला. ज्ञानेश्वरी अठ्ठावीस वर्षांची, आणि उद्या सकाळी दुसऱ्या एका दवाखान्यात तिची पिशवी काढायचं ठरलं होतं.

"ज्ञाने, उद्या तिकडं जायाचं न्हाई," बनुबाई म्हणाली. "हिकडं यायचं. तुझ्या पोटात काय हाय ते आपल्या डोळ्यांनी बघू. कुनी काय म्हनलं तर माझं नाव सांग."