पाच नंबर

"चारही जोड पाच नंबरचेच कसे हो, सर?"

लताबाई बूट उलटा धरून तळाचे खिळे मोजत होत्या. जिन्याखालची ती खोली म्हणजे कॉलेजचा जिमखाना. ऑडिट तोंडावर आलं होतं, म्हणून तिथली एकेक वस्तू रजिस्टरशी ताडून पाहायला त्या अकाउंट्समधून खाली उतरल्या होत्या. पळायचे बूट चार जोड, रजिस्टरात नोंदी चार. सही करून वर जायला काहीच हरकत नव्हती. पण लताबाईंना एकदा प्रश्न पडला, की तो सुटेपर्यंत त्यांना चहासुद्धा गोड लागत नसे.

"लॉट तसा आला असेल," खेळाचे जयवंत सर कपाटात डोकं घालून म्हणाले.

"कसला लॉट? चार वर्षांची चार बिलं आहेत. मीच पास केलीत."

"जिमखान्याच्या फीमध्ये वर्षाला एकच जोड बसतो, मॅडम."

"ते माहितीये मला. मी नंबराचं विचारतेय."

सर काही कपाटातून बाहेर येईनात. लताबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, उजव्या पायातली चप्पल काढली आणि सरळ बुटात पाय घातला. मापाने शिवून घेतल्यासारखा बसला. स्टेशनला जायलाही रिक्षा करणाऱ्या बावन्न वर्षांच्या बाई एका पायात पळायचा बूट घालून उभ्या राहिल्या, आणि त्यांना फार मजा वाटली.

"बसला की!"

सरांना हसू आवरलं नाही. "मग तुम्ही पण टीममध्ये."

"म्हणजे?"

आपण काय बोलून गेलो ते सरांच्या लक्षात आलं. ते स्टुलावर बसले.

"रिलेला चार मुली लागतात. बूट चार, तेही पाच नंबरचे. पहिल्या दिवशी मी मुलींना पळवतच नाही, मॅडम. आधी पाय बघतो."

लताबाईंना हे खरंच वाटेना. "अहो, मग दुसऱ्या नंबरचे घ्यायचे ना! अडवलंय कोणी?"

सरांनी खणातून एक जुनी फाइल काढली आणि त्यातला एक कागद पुढे केला. दुसऱ्या वर्षीची मागणी होती ती. बूट, एक जोड, सात नंबर. 'सात'वर लाल काट मारलेली होती, आणि शेजारी शेरा: 'मागील वर्षी ५ नंबर घेतला आहे. त्याप्रमाणेच घ्यावा. बदलाचे कारण?'

अक्षर लताबाईंचंच होतं.

"मला वाटलं, फुटबॉलसारखं असेल," त्या हळूच म्हणाल्या. "फुटबॉल दर वर्षी पाच नंबरचाच येतो ना."

"आणि मी काय लिहिणार होतो? मुलीचा पाय मोठा आहे? तेव्हा माझी नोकरी पक्की नव्हती. त्यापेक्षा पाच नंबरच्या मुली शोधणं सोपं वाटलं."

"आणि त्या पळतात कशा?"

"पळतात आपल्या," सर म्हणाले.

तेवढ्यात दार ढकलून एक उंच मुलगी आत डोकावली. घामाने भिजलेली, अनवाणी. "सर, नावं गेली का?"

"पाच वाजेपर्यंत युनिव्हर्सिटीला पाठवायचीत, नीलम. तू जा."

ती काही गेली नाही.

"ही कोण?" लताबाईंनी विचारलं.

"फर्स्ट इयर. वरच्या वस्तीतून रोज दोनशे पायऱ्या उतरून येते. माझ्या चारही जणींना मागे टाकते, ते पण अनवाणी. शंभर मीटरला पाठवली ना, तर मेडल घेऊनच येईल. पण युनिव्हर्सिटीचा ट्रॅक दुपारी असा तापतो, की गेल्या वर्षी एका मुलीचे तळपाय सोलून निघाले. बूट मंजूर झाल्याशिवाय मी हिचं नाव घालणार नाही."

"नंबर किती गं तुझा?"

"आठ," नीलम म्हणाली, आणि चोरी पकडल्यासारखे तिने पाय मागे ओढले.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. लताबाईंना मनापासून लाज वाटली. वर बसून त्यांनी लाल शाईने एक आकडा काटला होता, आणि तेव्हापासून इथे खाली मुली गळत होत्या.

"या वर्षीची मागणी कुठंय?"

सरांनी अर्ध्या पानाचा छापील फॉर्म दिला. त्यावर त्यांनी कोणी न सांगताच 'पाच नंबर' लिहून ठेवलं होतं. लताबाईंनी ते काटलं आणि वर 'आठ' लिहिलं. मग त्या खालच्या रकान्यापाशी अडल्या. तीन वर्षांपूर्वीच्या त्या शेऱ्यानंतर ऑफिसने तो छापूनच घेतला होता: बदलाचे कारण.

मग त्यांनी फॉर्म खाली फरशीवर ठेवला.

"ये, पाय ठेव यावर."

"कागदावर? नको मॅडम. कागदाला पाय लागला तर आई ओरडते."

"ठेव गं. पाप लागलं तर मला लागू दे."

नीलमने वाकून कागदाला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि मग पाय ठेवला. लताबाई गुडघे कुरकुरत असतानाच खाली बसल्या. एका पायात तो बूट अजून तसाच होता. त्या रकान्यात टाच बसवून त्यांनी लाल रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ रकान्याबाहेर पडली, रकमेवरून गेली, सरांच्या सहीवरून गेली.

"मॅडम, कागद संपला," सर म्हणाले.

लताबाई थांबल्या नाहीत. पाचही बोटं त्यांनी फरशीवर काढली.