नागव्वाची दुसरी भाकर

नौबादच्या जेवणाच्या गाड्यांवर मी पहिल्यांदाच जेवत होतो. गाडीवाल्या नागव्वाच्या अंबाडीच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि आजवर आपण जेवत होतो ते काय होतं, असंच वाटलं. दुसरी गरम भाकर ताटात पडली, तसा बाकावर शेजारी बसलेला म्हातारा कानाशी कुजबुजला, "पाव्हणं, दुसरीला हात लावू नका. हळ्ळीखेडच्या हणमंतप्पानं लावला व्हता. पुन्हा घरचा घास घशाखाली उतरलाच न्हाई त्याच्या. वाळून वाळून मेला."

माझा हात ताटातच थांबला.

"आमी लिंगायत, बसवून माती देताव. त्याला खड्ड्यात बसवला, तवाबी उजवा हात घास घेतल्यावानी वळलेला व्हता. आन् बसलेल्या माणसाला उठायला कितीसा वेळ लागतोय?"

"म्हणजे?"

"रोज यायलाय की हितं."

भाकर तशीच टाकून मी उठलो. म्हाताऱ्यानं माझं ताट हळूच स्वतःकडं ओढलं.

तव्यावरची नजर न काढता नागव्वा म्हणाली, "कामून ओ हणमंतप्पा, आजबी दुसऱ्याच्याच ताटातलं खायलाव?"