आजोळची भांडी

"रमाकांतमामांना मोडीत घालायचं?" अनुजाने परात छातीशी धरली.

"मामांना नाही गं बाय, परातीला," तिची आई मालनबाई म्हणाली. "आण इकडे."

लालबागची चाळ पाडायची होती. टॉवर उभा राहीपर्यंत मालनबाईंना कॉटन ग्रीनला भाड्याच्या खोलीत दिवस काढायचे होते, आणि ती खोली एवढीशी की दोघी उभ्या राहिल्या तर एकीने दारात जावं. म्हणून अनुजा ठाण्याहून दोन दिवसांची रजा टाकून आली होती. येताना पसारा आवरायचे व्हिडिओही बघून आली होती.

कालचा दिवस झकास गेला. गाद्या गेल्या, बंद पडलेला मिक्सर गेला, तीन मोडक्या छत्र्या गेल्या. मालनबाईंनी बाबासाहेबांची तसबीर तेवढी आपल्या हाताने पिशवीत ठेवली, बाकी कशालाच हरकत घेतली नाही. खोली रिकामी झाली तशी मधोमध चटई टाकून, पाय पसरून बसल्या.

"बघ, वारा येतो," म्हणाल्या. "चाळीस वर्षं ही खिडकी ट्रंकांच्या मागे होती. काय लागतं गं माणसाला? चार भांड्यांत भागतं."

आज माळा निघाला आणि गाडी अडली.

माळ्यावर आजोळची भांडी होती. नऊ नग, पितळ आणि तांबं. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. परातीवर 'सौ. मालन हिस, रमाकांतदादाकडून सप्रेम भेठ'. घागरीवर मनवाताई. उभ्या डब्यावर लवूदादा. आणि सगळ्यांवर 'भेठ', ठसठशीत ठ. लहानपणी चिंच लावून भांडी घासताना अनुजा खो खो हसायची. "आई, तुझ्या माहेरी एकालासुद्धा 'भेट' लिहिता येत नाही?"

बाबा पेपरात डोकं खुपसायचे. "आमच्याकडे तसंच म्हणतात," आई सांगायची.

अनुजाचं आजोळ म्हणजे ही भांडीच. आई राजापूरकडच्या मराठ्यांची, बाबा याच चाळीतल्या बौद्धांचे. रजिस्टर लग्न, आणि त्याचा एकुलता एक फोटो, त्यातही दोघंच. मे महिन्यात चाळीतली पोरं मामाच्या गावाला जायची. अनुजा मात्र लालबागलाच. पण दर दोन-तीन वर्षांनी बाबा परळच्या एस.टी. स्टँडवरून भांडं घेऊन यायचे.

"रमाकांतमामा आलेले," ते सांगायचे. "परतीची गाडी लगेच होती. घरी यायला काय जमलं नाय त्यांना."

मग ते भांडं चाळभर फिरायचं. बायका आधी नाव वाचायच्या, मग वजन बघायच्या. दौलतच्या बायकोला माहेरच्यांनी टाकलेलं नाही, हे चाळीला कळायचं. परकर-पोलक्यातली अनुजा शेजारी ताठ मानेने उभी राहायची.

तिच्या लग्नाला मात्र आजोळहून काही म्हणजे काही आलं नाही. लग्नाच्या पंधरा दिवस आधी बाबा अचानक गेले, तेव्हाही कुणी आलं नाही. हा सल तिने पंचवीस वर्षं बाळगला होता.

"एकही मोडीत जाणार नाही," ती आता म्हणाली. "तुझ्या माणसांची नावं आहेत यांच्यावर."

"नावं आहेत खरी. माणसं कुठायत?"

"असं कसं बोलवतं गं तुला? सख्खा भाऊ तुझा!" अनुजाचा आवाज चिरकला. "तुझं ठीक आहे, तू तिथे वाढलीस. मला एवढंच आजोळ मिळालं. हेही घालवू?"

मालनबाईंनी चटईचा निघालेला धागा ओढला, बोटाला गुंडाळला, सोडला.

"एक ठेव," शेवटी म्हणाल्या. "एकाला जागा आहे. मोडवाला चारला येतोय."

अनुजा भांडी पुढ्यात मांडून बसली. परात उचलली की घागरीकडे लक्ष जाई. घागर घ्यावी तर डबा दिसे. त्याच डब्यातले लाडू ती चोरून खायची. व्हिडिओतल्या बाईने हातात घेऊन आनंद होतो का ते विचारायला सांगितलं होतं. विचारायचं कुठलं? प्रत्येकाला हात लावला की रडूच येत होतं.

साडेतीन झाले.

"मला नाही जमत आई. तूच निवड."

मालनबाई उठल्या. नऊ भांड्यांकडे त्यांनी पाहिलंदेखील नाही. ओट्याखाली हात घालून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा बाहेर ओढला. हा डबा अनुजाला माहीत होता. बाबा मिलमध्ये फिटर, त्यांची हत्यारं त्यात असायची. पोरांनी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

"अगं, हा कशाला? आतलं सगळं गंजलं असेल."

"हा माझ्याबरोबर येणार," मालनबाई म्हणाल्या. "यातलं एक तुझं आहे. तेवढं ने. द्यायचा धीरच झाला नाही."

झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा आत एक चिमुकली हातोडी होती, पेन्सिलीएवढी एक टोकदार छिन्नी, आणि बाबांच्या जुन्या गंजीफ्रॉकात गुंडाळलेला तांब्याचा एक गडू. गडू लखलखीत होता. कुणीतरी तो दर वर्षी घासत असणार.

अनुजाने तो खिडकीशी, उजेडात नेला. गळ्याभोवती ठिपक्याठिपक्यांची एक ओळ फिरली होती.

'चि. सौ. कां. अनुजा हिस, आजीकडून सप्रेम भे'

पुढच्या ठचे दोनच ठिपके पडले होते.