विनीतचा लॅपटॉप

लॅपटॉप पिशवीत मावेना, तेव्हा विमलाबाईंनी तो जुन्या सुती साडीत गुंडाळला आणि तान्ह्या मुलाला घ्यावं तसा छातीशी धरून त्या जिना उतरल्या. सून योगिनी माजिवड्याला ऑफिसात होती. ती घरी असती तर तिने त्यांना एकटीने बाहेर पडूच दिलं नसतं. हृदयाची बायपास झाल्यापासून ती त्यांना फार जपायची.

पण आज विमलाबाईंनी ठरवलंच होतं. मुलाचा आवाज रोज ऐकायचा आणि तोंड मात्र दिसायचं नाही, हे आता पुरे झालं.

विनीत मालवाहू जहाजावर इंजिनीअर. गणपती आटोपून गेला, तेव्हापासून संध्याकाळी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल करायचा. फोनच्या इवल्याशा पडद्यावर आईला धड दिसत नाही, म्हणून जाताना स्वतःचा लॅपटॉप घरी ठेवून गेला होता. मग दिवाळीच्या तोंडावर त्याचा स्क्रीन काळा पडला.

"चित्र थरथरत होतं म्हणून नीट करायला गेले," योगिनी म्हणाली होती, "आणि माझ्या हातून डिस्प्ले ड्रायव्हरच उडाला, चित्र दाखवणारा प्रोग्रॅम."

सांगताना ती इतकी रडली, की विमलाबाईंनाच तिची समजूत घालावी लागली. "अगं, यंत्रच ते. माणूस तर नाही ना गेलं!"

त्यावर ती आणखीच रडली.

आवाज तेवढा शाबूत होता. योगिनी बटण दाबून कॉल घ्यायची आणि विमलाबाई काळ्या पडद्यापुढे बसून बोलायच्या. पूर्वी दोन मिनिटांत कंटाळणारा विनीत हल्ली मायेने बोलायचा. गोळ्या घेतल्यास का, गुडघा कसा आहे, सगळं विचारायचा. घरापासून लांब गेलं की पोरांना किंमत कळते, असं त्या शेजारी सांगायच्या.

दुरुस्तीचं काढलं की योगिनीकडे काहीतरी कारण असे. दुकानदार गावाला गेलाय. महिनाअखेर आहे, पुढच्या आठवड्यात बघू. पोरगी वाळून काटकी झाली होती. तिच्यामागे आणखी कटकट कशाला, म्हणून त्या स्वतःच निघाल्या.

दुकान नौपाड्यातच होतं, दोन गल्ल्या सोडून. दुकानदार प्रशांतने साडीची घडी उलगडली आणि हसला.

"काय झालंय, मावशी?"

"आवाज येतो, चित्र येत नाही. सुनेच्या हातून काय तो ड्रायव्हर उडाला म्हणे."

प्रशांतने दुकानातला मॉनिटर वायरने जोडला. त्यावर चित्र आलं. "मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. थोडा वेळ त्याने खुटखुट केली आणि मग थांबला. "चुकून गेलेला ड्रायव्हर बहुतेक आपोआप परत येतो, मावशी. इथे तो येऊच नये अशी सेटिंग केलीय कोणीतरी."

"तिला कुठलं एवढं कळतंय! घाबरून दाबलं असेल काहीतरी."

प्रशांतने ड्रायव्हर पुन्हा टाकला. स्क्रीन एकदा लुकलुकला, परत काळा झाला, आणि मग एकदम उजळला. समोर वॉलपेपरच्या फोटोत कामाची नारिंगी डांगरी घातलेला विनीत हसत उभा होता. मागे समुद्र.

विमलाबाईंनी पदराने स्क्रीनवरची धूळ पुसली. कपाळापासून हनुवटीपर्यंत, हलक्या हाताने.

"एकुलता एक का?" प्रशांतने विचारलं.

"म्हणायला दोन. दिरांचा सुदेशही माझ्याच हाताखाली वाढला. मला आईच म्हणतो. फोनवर आमचे हे कायम एकाला समजून दुसऱ्याला झापायचे." त्या हसल्या. "कल्याणला असतो. दिवाळीलाही फिरकला नाही यंदा. कामं असतात रे पोरांना."

निघण्यापूर्वी कॉल कसा घ्यायचा तेही त्यांनी शिकून घेतलं.

दिवेलागणीला योगिनी आली, तेव्हा विमलाबाई ठेवणीतली साडी नेसून, केस विंचरून बसल्या होत्या. लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल टाकलेला होता.

"आज काय विशेष, आई?"

"काही नाही. आधी चहा टाक."

विनीत दिसला की तिला हाक मारायची, असं त्यांनी मनाशी योजलं होतं. तिचा चेहरा कसा फुलतो ते बघायचं होतं. तीन महिन्यांत पोरगी एकदाही मनापासून हसली नव्हती.

योगिनी आत गेली आणि लॅपटॉप वाजू लागला.

"थांबा आई, मी आले, मी घेते!" ती आतून ओरडली.

विमलाबाईंनी रुमाल उचलला. हिरव्या गोलावर बाण नेला आणि प्रशांतने शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं.

"आई, जेवलीस का गं दुपारी?"

आवाज विनीतचा होता. समोर सुदेश बसला होता. दाढी वाढलेली, डोळे घट्ट मिटलेले, जणू डोळे मिटल्याशिवाय ते शब्द त्याला बोलताच येत नव्हते. त्याच्या मागच्या भिंतीवर विनीतचा फोटो होता, आणि फोटोला चंदनाचा हार.

आत पातेलं पडल्याचा आवाज झाला. योगिनी धावत बाहेर आली, तोवर विमलाबाईंनी रुमाल पुन्हा स्क्रीनवर ओढून घेतला होता.

"जेवले रे, विनीत," त्या म्हणाल्या. "तू जेवलास का?"